शेवटचे तीन रुपिया

रविवार, २५ जून

दवाखान्यातल्या सिस्टरबाई म्हणाल्या, छातीत सारखं धडधडतं ना, मग लिहून काढत जा. गोळ्यांचं नंतर बघू. म्हणून लिहितेय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं चिखलात पाय उमटवलेत. पण वाचणार कोण.

माझी तान्ही लेक सेकार रात्रीतून श्वास घ्यायची थांबेल अशी भीती वाटते. तिला ताप येईल, ती खाटेवरून पडेल. आणि सगळ्यात मोठी भीती, मला तैवानला पाठवतील. एजंटबाई दोनदा येऊन गेली. तिथं कुणाच्या तरी म्हाताऱ्याला अंघोळ घालायची, भरवायचं, फिरवायचं, तीन वर्षं. सेकार आत्ता कुठं बसायला लागलीय. मी परत येईन तेव्हा ती मला 'या कोण' म्हणून विचारेल.

मास कुन, माझा नवरा, दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. तो म्हणतो, आपलं घर तरी होईल. इबू, माझ्या सासूबाई, काहीच म्हणत नाहीत. पहाटे उठून नासी लिवेट, नारळाच्या दुधातला भात, शिजवतात आणि केळीच्या पानात बांधून कोपऱ्यावर विकतात. त्या स्वतः सौदीला कितीतरी वर्षं होत्या, मास कुन लहान असताना. त्यांना यात काही विशेष वाटत नसणार. मास कुनला ताप आला की तो झोपेत मावशीला हाक मारतो, आईला नाही. का ते मी कधी विचारलं नाही.

त्याच्याकडून एवढं कबूल करून घेतलंय की सुरो महिना लागेपर्यंत मी जुन्या नाण्यांच्या धंद्याचं बघते. चार पैसे सुटतील असं दिसलं तर जायचं नाही. नाहीतर एजंटबाईच्या कागदावर सही. सुरोत कुणी लग्न करत नाही आणि माझं सगळं काम लग्नांवर. म्हणजे १९ जुलैच्या आत जे काय व्हायचं ते.

मंगळवार, २७ जून

आज जुन्या वस्तूंच्या त्रिविंदू बाजारात कोह ग्वानच्या दुकानात गेले, सेकारला झोळीत बांधून. सोलो शहरात जुन्या नाणी-नोटांचा धंदा करणारे बरेच आहेत, पण हा एकटा मला 'चल, पुढे चल' म्हणाला नाही. मी जिथं कपडे धुते त्या मास्तरीणबाईंनी जुन्या नाण्यांनी भरलेला बिस्किटाचा डबा मला देऊन टाकला होता. तो घेऊन पहिल्यांदा मी याच्याकडेच आले होते. त्याला वाटलं विकायला आलीय. मला वाटलं, विकून मोकळी होईन. आणि मग त्यानं एक रुपियाचं नाणं तळहातावर ठेवलं. अ‍ॅल्युमिनियमचं, हलकं, जणू वाळलेलं पान. त्यावर एक छोटा पक्षी शेपटीचा पंखा करून बसलाय. माझा जन्म व्हायच्या आधीचा पक्षी. मला ते विकवलंच नाही.

"झालं," कोह ग्वान म्हणाला, "लागला रोग. याला औषध नाही, बाई."

मी म्हणलं, मी पैशांसाठी करतेय, रोगबिग काही नाही. तो हसला. म्हातारा कशालाही हसतो.

तर धंदा असा. नवरा निकाहात मेहेर म्हणून पैसे देतो आणि पोरांना हौस असते की आकडा लग्नाच्या तारखेइतका पाहिजे, अगदी शेवटच्या रुपियापर्यंत. १६ जुलै २३ असेल तर १६०७२३, म्हणजे एक लाख साठ हजार सातशे तेवीस रुपिया. वरचे लाख-हजार बँकेतून मिळतात. पण खालचे तेवीस? आता शंभराच्या खालचं नाणं भिकारी पण घेत नाही. ते जुनेच आणावे लागतात. मग सगळं काचेच्या चौकटीत लावून नवरीच्या हातात द्यायचं.

बाकीचे नोटा दुमडून मोर करतात, डिंक लावतात. कोह ग्वान म्हणतो, डिंक लावलेली नोट मेली. मी पातळ प्लास्टिकचे छोटे खिसे हातानं शिवते आणि नोट अख्खी आत सरकवते. हवी तेव्हा बाहेर काढा. शिवण मला येते.

शुक्रवार, ३० जून

कालचं कुर्बानीचं मटण अजून आहे. इबूंनी नारळात शिजवलं. पण लिहायचं ते वेगळंच.

मला आज एक गोष्ट सुचली आणि मी बादलीतले लंगोट तसेच टाकून बाजारात पळाले. या वर्षी प्रत्येक लग्नाच्या शेवटी तेवीस आहे ना, म्हणून सगळ्यांना दहा, दहा, दोन आणि एक पाहिजे. म्हणून एकाची नाणी संपत चाललीत. पुढच्या वर्षी चोवीस! म्हणजे दोनची दोन लागणार. आणि त्याच्या पुढच्या वर्षी पंचवीस. पंचवीसचं तर एकच नाणं येतं, तुरेवाल्या कबुतराचं, आत्ता कुणी विचारत नाही त्याला. आत्ताच गोळा केली तर!

हे मी कोह ग्वानला कानात सांगितलं, आजूबाजूचे ऐकतील म्हणून. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली. मग खाली वाकून टेबलाखालचा दुधाच्या पावडरचा भलामोठा डबा पायानं पुढे ढकलला. आत काठोकाठ कबुतरं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, "लाजतेस कशाला? मला हे कळायला सहा वर्षं लागली होती." मग मूठभर कबुतरं मला वजनावर दिली. अ‍ॅल्युमिनियमच्या भंगाराच्या भावानं. म्हातारा धंद्यात तसा कच्चाच आहे, तोटा कसा होतो ते त्याला कळत नाही.

सोमवार, ३ जुलै

ऑर्डर! खरी ऑर्डर! बू प्राप्ती म्हणून बाई आल्या, मागच्या गल्लीतल्या. हातात केळीच्या पानाची गरम पुडी. मुलीचं लग्न १६ तारखेला. म्हणाल्या, तू चौकटी करतेस असं कानावर आलं. कुणी सांगितलं असेल? कोह ग्वाननंच.

बाई फटकळ. म्हणाल्या, "मला मोर नको, बदक नको. थोरलीच्या लग्नात सगळ्या खेळण्यातल्या नोटा निघाल्या, जावई तोंड लपवत फिरला. याच्यात एक जरी नकली निघाली तर तुझ्या दारात येऊन बसेन."

मी म्हणलं, या, चहा देईन. माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे. बाई हसल्या आणि निम्मे पैसे देऊन गेल्या.

चौकट कशी करायची ते डोक्यात ठरलंय. निळं कापड. वर माकडाची पाचशेची नोट, तिचा हिरवा रंग निळ्यावर काय उठून दिसेल. खाली शिडाच्या जहाजाच्या शंभराच्या दोन. आणि सगळ्यात खाली मधोमध ते तेवीस.

गुरुवार, ६ जुलै

दहाची दोन मिळाली. दोनचं मिळालं. एकाचं सगळ्या बाजारात नाही! माझ्या डब्यातली मी गेल्या महिन्यातच लोकांना विकून बसले, तो पंख्याच्या शेपटीचा पक्षी सुद्धा शेवटी विकला. कोह ग्वानकडचं शेवटचं परवा गेलं. सुरोच्या आधी लग्नांची झुंबड आणि सगळ्यांची तारीख तेवीसची. एकाकडे होतं, पण भिंगातून बघितलं तर नकली.

भिंगातून बघायचं मी शिकले! नोट असेल तर खऱ्या छपाईत रेघा दिसतात, केसासारख्या बारीक. नकलीत ठिपकेच ठिपके, रांगोळीसारखे. नाणं असेल तर कडेवर जोड दिसतो का बघायचं. मी दुकानातल्या वीसेक नोटा ओळखल्या, एक चुकली. एवढा आनंद झाला की संध्याकाळी मास कुन टेम्पोवरून आल्या आल्या त्याला सांगत सुटले. म्हणलं, आता मी घरातला कागदन् कागद भिंगाखाली घालणार. तो एकदम चिडला. घरातल्या वस्तूंना उगाच हात लावू नको, एखादी फुटेल. मग जेवला नाही नीट. दमला असेल.

रविवार, ९ जुलै

आज घरोघर फिरले. युक्ती इबूंचीच. म्हणाल्या, अंगात वारं शिरलं की म्हाताऱ्या पाठीवर काय घासतात? नाणंच ना? मग बामाच्या डब्या उघडायला लाव, ते त्यातच ठेवलेलं असतं.

मग काय! सेकारला घेऊन मी दारोदार. "आजी, तुमचं घासायचं नाणं बघू?" एकीनं विचारलं, तुला वारं लागलंय का, पालथी पड. दुसरीनं मला खरंच पालथी पाडली. पण काय काय बघायला मिळालं! डच काळातलं तांब्याचं जाड नाणं, घासून घासून आरशासारखं गुळगुळीत, बामाचा वास येणारं. आकडा नाही, राणी नाही, काही राहिलं नाही, नुसत्या पन्नास वर्षांच्या पाठी. त्या आजी म्हणाल्या, मी मेल्यावर घे. मी म्हणलं, मग नको, तुम्हीच घासा.

एकाचं नाणं कुणाकडेच नाही. ते हलकं, पाठीवर वाकतं म्हणे.

रिकाम्या हातानं आले, तरी दिवसभर धडधडलं नाही. आत्ता लिहिताना लक्षात आलं.

मंगळवार, ११ जुलै

दोन दिवस बघतेय भिंतीकडे. आमच्या मेहेराची चौकट. आमचं लग्न दहा ऑक्टोबर एकवीसचं, म्हणून एक लाख एक हजार एकवीस रुपिया. एकवीस म्हणजे दहा, दहा आणि एक. त्याच्यात एक एकाचं आहे!

मेहेर बायकोचं असतं. नवऱ्याचं नाही, सासूचं नाही, आईबापाचं पण नाही. माझं आहे, मी घेऊ शकते. पण चौकट उघडली की संसार फुटतो असं बायका म्हणतात. मी सकाळपासून कितीदा स्टुलावर चढले आणि उतरले.

दुपारी सेकार झोपली. काढली खाली. मागची पट्टी सोडवली.

नाणं हातात घेतलं आणि भिंगाची गरजच पडली नाही. गरम नाही, थंड नाही. प्लास्टिक. वर चंदेरी रंग. कडेला जोड. मला वाटलं एवढंच खोटं असेल. मग मोराच्या शेपटीतली एक नोट उलगडली. घडीच्या आत छापलं होतं, 'खेळण्यासाठी'. दुसरी उलगडली. सगळ्या उलगडल्या. मोर संपला.

मास कुन काझीसमोर बसला होता, पांढरी टोपी घालून, एका दमात बोलला होता. एक लाख एक हजार एकवीस रुपिया, रोख. एवढा मोठा आकडा न अडखळता बोलला म्हणून सगळे कौतुकानं हसले होते. मी पडद्याआडून ऐकत होते. मला वाटलं होतं, जो आकडा अडखळत नाही तो माणूस कुठंच अडखळणार नाही.

माझं लग्न झालंय की नाही?

बुधवार, १२ जुलै

मास कुनला काही बोलले नाही. हातात दुसऱ्याचं लग्न आहे, ते आधी. भिंत रिकामी आहे हे त्याला दिसलं पण नाही. पुरुषांना काही दिसत नाही. रात्री त्यानं आपलं ताट स्वतः धुतलं, सेकारचे लंगोट पण धुतले. काय शिरलंय अंगात कोण जाणे.

गुरुवार, १३ जुलै

सकाळी मशिदीमागे मोदिनकाकांकडे गेले. गल्लीतल्या लग्ना-मयताचं तेच बघतात. म्हणलं, काका, माझ्या एका मैत्रिणीचं असं असं झालंय. त्यांनी सेकारच्या गालाला हात लावला आणि म्हणाले, तुझ्या मैत्रिणीला सांग, लग्न पक्कं आहे, त्याला काही होत नाही. पण मेहेर नवऱ्याच्या अंगावर आहे. आज नाही दिलं तर उद्या, नाहीतर मेल्यावर. बायको राजी असेल तर पैशांऐवजी दुसरं काही ठरवता येतं. एकानं बायकोला नुसतं वाचायला शिकवलं, तेच मेहेर.

घरी येईपर्यंत पायात जीव आला होता.

मग एकाच्या नाण्यासाठी शेवटचं म्हणून कोह ग्वानकडे. त्यानं मान हलवली. मी तिथंच जमिनीवर बसले आणि सेकारला खेळायला समोरची टोपली ओढली. त्यात सगळ्यात टाकाऊ माल असतो, जुने सेन, एका रुपियाचे शंभर. एवढ्याशा कागदी नोटा. बसच्या तिकिटाएवढ्या. कुणी फुकट पण नेत नाही. सेकारनं एक उचलून तोंडात घातली. मी बोट घालून बाहेर काढली, पुसली. पन्नास सेन. टोपीवाला सैनिक.

पन्नास सेन म्हणजे अर्धा रुपिया.

आणि वरच्या काचेखाली अडीच रुपियाच्या नोटांची गड्डी! अडीचची नोट कुणालाच नको असते, कारण अडीच कुठल्याच तारखेत बसत नाही.

अडीच आणि अर्धा! तीन! एकाचं नाणं नकोच, दोनचं पण नको! मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या दुकानातला माणूस पितळी दिवा पुसता पुसता थांबला. कोह ग्वाननं भिंग खाली ठेवलं. बोटांवर मोजलं. परत मोजलं.

"चाळीस वर्षं इथं बसलोय," तो म्हणाला, "आणि मी एक शोधत होतो."

या वेळी टेबलाखालून डबा निघाला नाही! मी मुद्दाम वाकून बघितलं!

रविवार, १६ जुलै

झालं. लग्न झालं. बू प्राप्तींनी मला पुढे बसवलं. काझींनी चौकट हातात घेतली, चष्मा लावून खालची ओळ मोजली आणि अर्ध्यावर बोट ठेवून थांबले. नवरा मुलगा बाजूला घामानं निथळलेला. काझी म्हणाले, दहा, दहा, अडीच आणि अर्धा. बरोबर आहे. पोरा, तू नुसता पूर्ण आकडा बोल, नाहीतर अर्ध्यावर अडकशील. सगळे हसले, मुलगा पण हसला आणि मग एका दमात बोलून गेला. मी ऐकताना ओढणी तोंडात धरली होती.

मग जेवणाच्या पंगतीत तीन बायकांनी मला गाठलं. सुरो उलटल्यावरची तीन लग्नं! एकीला आजोबांच्या काळातल्या नोटा बघायच्यात. एक म्हणाली, मला ते अर्धंवालं कर. मला ते अर्धंवालं! बू प्राप्ती मला भातावर जास्तीची कोंबडी वाढत म्हणाल्या, "तुझ्या सासूला सांग, आता तरी रोज पुडी बांधताना तुझं पुराण लावू नको म्हणावं." त्या अशाच कायबाय बोलतात. इबू तर घरात माझ्या नाण्यांबद्दल शब्द काढत नाहीत.

सोमवार, १७ जुलै

सकाळी मास कुनला तीन ऑर्डरींचं सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, तीन चौकटींनी घर उभं राहतं का? एजंटबाई उद्या येणार आहे. सही करून टाकू, मग बघू.

इबू मागच्या पडवीत पानं पुसत होत्या. मी आत जाऊन त्या सगळ्या उलगडलेल्या नोटा आणल्या आणि त्याच्यासमोर चटईवर ठेवल्या, वर ते चंदेरी प्लास्टिक.

त्यानं एक नोट उचलून उलटी केली. मग म्हणाला, चौकटवाल्यानं सांगितलं होतं, सगळे अशाच लावतात, खरे पैसे पाकिटात द्यायचे. पाकीट होतं. मंडपवाला अडून बसला म्हणून त्याला दिलं. म्हणलं, नंतर भरू. मग तू इतकी खूश होतीस त्या चौकटीवर.

"मास, माझं मेहेर तू अजून दिलेलं नाहीस."

"आत्ता देतो." खिशात हात घातला. "एक लाख एक हजार ना?"

"आणि एकवीस. साक्षीदारांसमोर बोललास. एकाचं नाणं आण जा, सगळा बाजार पालथा घाल, मी घातलाय."

त्याचा हात खिशातच राहिला. मला खरं तर हसू येत होतं आणि रडू पण. मग मोदिनकाका काय म्हणाले ते सांगितलं, मैत्रीणबित्रीण न घालता. म्हणलं, "मला पैसे नकोत. मला इथं राहायचंय, सेकारजवळ. तैवान नाही, कुठंच नाही. हेच माझं मेहेर. याला हो म्हण."

"आणि घर?"

मी उत्तर द्यायच्या आधी पडवीतून आवाज आला. "हो म्हण, कुन."

इबूंचा आवाज असा फाटका कधी ऐकला नव्हता. मी बघितलं तर पान हातात तसंच, डोळे पाण्यानं भरलेले. कांदा नव्हता, मिरची नव्हती. का रडत होत्या, समजलं नाही. मास कुननं आईकडे बघितलं, बराच वेळ, जणू ती आत्ताच दारातून आत आलीय.

मग त्यानं लुंगी नीट केली, मांडी घालून बसला आणि माझा हात हातात घेतला, लग्नात काझींचा घेतला होता तसा. "एन्दाह, तुझं इथं राहणं, तुझं मेहेर," म्हणाला आणि अडखळला. छोटंसं वाक्य, पण अडखळला. परत पहिल्यापासून बोलला. "तुझं इथं राहणं, तुझं मेहेर. रोख."

मंगळवार, १८ जुलै

एजंटबाई आली. मी सेकारला कडेवर घेऊन दाराआड उभी राहिले. छातीत ते नेहमीचं सुरू झालं, मास कुन ऐन वेळेला मऊ पडला तर.

तो दारातच उभा राहिला, तिला आत ये म्हणाला नाही. म्हणाला, बायको येणार नाही. ती म्हणाली, असं कसं, कागद तयार आहेत, सहीच तेवढी राहिलीय, जागा भरायला मागे रांग लागलीय. तो म्हणाला, रांगेतल्या दुसऱ्या कुणाला द्या. आमच्यात व्यवहार झालाय.

"कसला व्यवहार?"

"लग्नाचा."

एजंटबाईनं त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तुमच्या लग्नाला दोन वर्षं होत आली ना?

"हो," मास कुन म्हणाला. "काल पुरं झालं."